हवापालट आणि आश्रय
वळिवड्याच्या पोलिश छावणीची गोष्ट आपण कशी सांगतो?

१

पाचगणीत राहणाऱ्या माणसाला ‘तात्पुरते’ हा शब्द नवा नसतो. हे गावच तात्पुरत्या मुक्कामांवर उभे आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली जागा एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हेरली ती हवेसाठी. पुढे निवासी शाळा आल्या. मुले सत्राला येतात आणि सुट्टी लागली की जातात. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. रोगी येत, महिनोन्‌महिने राहत आणि बरे झाले तर जात. १९४४च्या जुलैमध्ये तुरुंगातून सुटलेले गांधीजीही प्रकृतीसाठी इथेच राहिले होते. या साऱ्याला मराठीत एक नेमका शब्द आहे, हवापालट. हवापालटाला आलेल्याला गाव ‘परत कधी जाणार?’ असे विचारत नाही. तो जाणार हे दोघांनीही धरलेलेच असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या गावाने आणखी एका प्रकारची पाहुणी माणसे पाहिली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती आणि फुफ्फुसांनी अशक्त झालेल्या पोलिश माणसांसाठी पाचगणीत एक आरोग्यकेंद्र चालत असे. काही पोलिश मुलींनी इथल्या कॉन्व्हेंट शाळेत शिक्षणही घेतले. टेबललँडच्या कडेवरून खाली दिसणारी कृष्णा पुढे नृसिंहवाडीला पंचगंगेला भेटते. त्याच पंचगंगेच्या परिसरात ती वळिवड्याची छावणी होती. नदीच्या वाटेने पाहिले तर दोन्ही ठिकाणे एकमेकांना जोडलेली आहेत. गोष्टीत मात्र पाचगणी जवळजवळ नसते. वळिवडे असते, पण एका विशिष्ट साच्यात. तो साचा कोणता आणि त्यात काय मावत नाही, हे तपासण्यासाठी हा लेख आहे. त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करावी लागेल, पण आधी घटनाक्रम.

२

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळले. १९४० आणि १९४१मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना चार मोठ्या लाटांत सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात नेऊन टाकण्यात आले. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर चित्र पालटले. जुलै १९४१मध्ये लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचा रशियाशी करार झाला आणि या कैद्यांना ‘माफी’ मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची ही माफी होती. जनरल आंडर्स यांच्या सैन्यासोबत १९४२मध्ये सुमारे सव्वा लाखाच्या आतबाहेर माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यांत सदतीस हजारांच्या आसपास नागरिक होते. बहुतेक बाया, मुले आणि म्हातारी माणसे.

इराणात त्यांना ठेवणे शक्य नव्हते. मग पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत अशा वाटा निघाल्या. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२मध्ये बालाचडी येथे शेकडो मुलांसाठी छावणी उभारली. १९४३मध्ये वळिवड्याला त्याहून मोठी वसाहत उभी राहिली; सुमारे पाच हजार माणसांची. चटयांच्या भिंती, कौलांचे छप्पर, बराकीत कुटुंबागणिक पाडलेल्या खोल्या. शाळा, चर्च, इस्पितळ, बालवीरांची पथके, नाटके हे सगळे तिथे होते. ती १९४८पर्यंत टिकली. आता ही गोष्ट कशी सांगितली जाते ते पाहू.

३

या विषयावरील लेखनात तीन गोष्टींचा विचार करायला हवा. पहिला ग्रंथ छावणीतल्या माणसांचा स्वतःचा. ‘असोसिएशन ऑफ पोल्स इन इंडिया’ या माजी रहिवाशांच्या संस्थेने आठवणी, छायाचित्रे आणि कागदपत्रे गोळा करून सिद्ध केलेला ‘पोल्स इन इंडिया १९४२–१९४८’. दुसरा, अनुराधा भट्टाचार्जी यांचा ‘द सेकंड होमलँड’ (२०१२). मुलाखती आणि अभिलेखागारांतील कागद यांवर उभा असलेला अभ्यास. तिसरा, ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ (२०१३) हा माहितीपट, ज्याचे मन बालाचडीत आणि जामसाहेबांत गुंतलेले आहे. यांच्या जोडीला प्रसंगोपात्त लिहिले जाणारे आपले वृत्तपत्रीय लेख आहेतच.

माजी रहिवाशांच्या ग्रंथाचा गाभा छावणीतले पोलिश जीवन हा आहे. वर्ग, शिक्षक, परीक्षा, सण, पथके. मराठी वाचकाला प्रथम थोडे खट्टू व्हायला होते, कारण आपण त्यात आपल्याला शोधत असतो आणि फारसे सापडत नाही. मीही आधी या पुस्तकाला आत्ममग्न म्हणून बाजूला सारले होते. दुसऱ्या वाचनात माझे मत बदलले. या माणसांना परत जायचे होते. मुलांना पोलिश व्याकरण, पोलिश भूगोल, पोलिश इतिहास शिकवायचा तो उद्या गावी गेल्यावर ती मागे पडू नयेत म्हणून. छावणीतली शाळा ही परतीच्या तिकिटासारखी होती. आसपासच्या मुलखाशी मुळे जोडायची नाहीत, हा तिथल्या जगण्याचा अलिखित नियम होता. त्या ग्रंथात मराठी माणूस कमी का आहे याचे उत्तर तिथे आहे. उपेक्षेचा किंवा तुसडेपणाचा प्रश्नच नाही.

भट्टाचार्जी यांच्या पुस्तकाचे मोल त्यातल्या साधनसामग्रीत आहे. विखुरलेले कागद आणि वृद्धांच्या आठवणी त्यांनी वेळेत गाठल्या. पण मला त्याच्या शीर्षकाशी वाद घालावासा वाटतो. ‘दुसरी मायभूमी’ म्हणायला गोड आहे. वृद्धापकाळी बालपण आठवताना एखाद्याने तसे म्हणणे स्वाभाविकही आहे. मात्र मायभूमी माणसाला मुदत घालून देत नाही. पुस्तकाच्या आतली कागदपत्रे मुदतीबद्दल, खर्चाबद्दल, ‘यांचे पुढे काय करायचे’ याबद्दल बोलत असतात आणि मुखपृष्ठ मायेबद्दल बोलते. मजकूर आणि मथळा यांच्यातली ही फट लेखिकेच्या एकटीची नाही. या विषयावर बोलणाऱ्या आपल्या सगळ्यांचीच ती आहे.

४

आता माझी चूक. ‘कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाच हजार पोलिश निर्वासितांना आश्रय दिला’ हे वाक्य मी अनेक व्याख्यानांत म्हटले आहे. टाळ्या हमखास येत. कधीतरी सनावळी जुळवून पाहताना माझ्याच लक्षात आले की छत्रपती राजाराम महाराज १९४०मध्ये निवर्तले होते. त्यानंतर गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज १९४१मध्ये जन्मलेले. वळिवड्याची छावणी उभी राहिली तेव्हा ते दोन वर्षांचेही नव्हते आणि १९४६मध्ये, छावणी असतानाच, त्या बालवयातच गेले. कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सी कौन्सिलकडे होता आणि त्यावर ब्रिटिशांची देखरेख होती.

कोल्हापूर संस्थानाच्या भूमीवर ही माणसे राहिली, करवीरच्या लोकांनी त्यांना सांभाळून घेतले, हे खरेच आहे आणि त्याचे मोल कमी नाही. पण निर्णयाची साखळी वेगळी होती. भारत सरकारच्या वतीने कॅप्टन ए. डब्ल्यू. टी. वेब हे निर्वासितांचे प्रमुख अधिकारी होते. छावणीच्या आतला कारभार पोलिश अधिकाऱ्यांच्या हाती होता. खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकारच्या खात्यावर पडे आणि ते सरकार ब्रिटनच्या कर्जावर चाले. कुटुंबांना भत्ता मिळे, त्यातून ती आपली चूल चालवत. म्हणजे कोणाच्या दारात उभे राहून मागण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. ही व्यवस्था होती, करारावर चालणारी.

मग आपण तिला ‘आश्रय’ का म्हणतो? कोल्हापूरकराच्या कानाला हा शब्द फार जुना आहे. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला. राजाश्रय म्हटले की आपल्यापुढे एक देणारा हात आणि एक नम्र मान येते. वळिवड्याची गोष्ट आपण नकळत त्याच साच्यात ओतली. साच्याला राजा हवा होता म्हणून दोन वर्षांच्या बाळाच्या हातून आपण दान देववले.

या साच्याने आणखी एक गोष्ट दिसेनाशी होते. ते साल १९४३ होते. बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसे मरत होती. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते आणि पोलीस भूमिगतांच्या मागावर होते. आपल्याच प्रजेला तुरुंगात घालणारे सरकार त्याच वेळी परक्या बायामुलांची नीट सोय लावत होते. यात पोलिश माणसांचा दोष काडीचा नाही. तात्पुरते संरक्षण कोणाला द्यायचे हे राज्यसत्ता करुणेच्या तराजूवर तोलत नसते, एवढे यातून दिसते. मित्रराष्ट्राची प्रजा, खर्चाची हमी, परतीची खात्री, या तिन्ही गोष्टी जुळल्या होत्या.

५

जुळलेल्या या गोष्टींतली एकेक पुढे निसटली आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथून सुरू होते. आपले लेखक मात्र तिथपर्यंत थांबत नाहीत. मुले बोटीतून उतरतात, कोणीतरी त्यांना जवळ घेते, शाळा सुरू होते आणि एकदम पन्नास वर्षांनी ती वृद्ध होऊन स्मारकाला फुले वाहायला येतात. १९४५ ते १९४८ ही वर्षे गोष्टीतून गळतात.

फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टा येथे पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे जाणार हे ठरले. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरे तिथलीच होती. जुलै १९४५मध्ये ब्रिटनने लंडनमधील परागंदा सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. आता बघा, युद्ध संपले होते, म्हणजे मुदत भरली होती. पण ज्या सरकारच्या नावावर ही माणसे आली ते कागदावरून पुसले गेले होते आणि ज्या गावी परतायचे ते गाव दुसऱ्या देशात गेले होते. प्रथम ‘उन्रा’ आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना अशा संस्थांकडे त्यांची जबाबदारी गेली. १९४७मध्ये भारत स्वतंत्र झाला. स्वतःचेच लक्षावधी निर्वासित दारात उभे असलेल्या नव्या सरकारला ही जुनी छावणी लवकर मिटायला हवी होती, यात नवल नाही. थोडेजण पोलंडला परतले. ज्यांचे बाप-भाऊ आंडर्सच्या सैन्यात होते ती कुटुंबे १९४७च्या पोलिश पुनर्वसन कायद्यामुळे ब्रिटनला जाऊ शकली. काही पूर्व आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावण्यांत गेले, काही ऑस्ट्रेलिया आणि अन्य देशांत.

या काळातली सर्वांत बोलकी घटना भट्टाचार्जींच्याच संशोधनातून पुढे आली आहे. अनाथ मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध नव्या पोलंडात धाडले जाऊ नये म्हणून जामसाहेब, फादर प्लुता आणि जेफ्री क्लार्क या तिघांनी त्यांचे कायदेशीर दत्तकविधान केले. माहितीपटात आणि भाषणांत आपण ऐकतो ती ‘मी तुमचा बापू’ म्हणणाऱ्या राजाची कथा. ती हृद्य आहेच. पण मुलांना वाचवले ते सही केलेल्या कागदाने. माया आणि कागद यांची ही जोड मला त्या साऱ्या प्रकरणाचा कळस वाटते. आत घेणे सोपे असते; मुदत संपल्यावर, माघारी धाडण्याची घाई झाल्यावर कोण आडवे उभे राहते, यावर संरक्षणाची परीक्षा होते.

६

छावणी रिकामी झाली तेव्हा बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली माणसे तिथे राहायला आली आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. आज घाऊक कापडाची बाजारपेठ म्हणून दक्षिण महाराष्ट्र त्या गावाला ओळखतो. लग्नाचा बस्ता बांधायला तिथे गेलेल्या किती जणांना ठाऊक असेल की आपण एकावर एक वसलेल्या दोन निर्वासित वस्त्यांत उभे आहोत? त्याच बराकी, तीच कौले. पहिल्यांना मुदत होती, दुसऱ्यांना नागरिकत्व होते. पहिल्यांची शाळा परतीसाठी होती, दुसऱ्यांनी दुकान थाटले. मुळे रुजायला जमिनीइतकाच कागदही लागतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पोलिश माणसांची स्मारके झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. १९९८मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्तंभ उभा राहिला, वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. सिंधी माणसांनी त्याच जागेवर नव्याने मांडलेल्या संसाराचे स्मारक मात्र नाही, आणि त्यांच्यावरची मराठी कादंबरी मला आठवून सापडत नाही. दूर गेलेल्या पाहुण्याबद्दल लिहिणे सुखाचे असते. शेजारी राहिलेल्याबद्दल लिहायला हिशेब करावा लागतो. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याच भाषेत आहे, हे विसरू नये.

याउलट वागणाऱ्या दोन पोलिश माणसांचा इथे उल्लेख करायला हवा. ती दोघेही निर्वासित म्हणून आलेली नव्हती. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे अभियंते. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात लोकांहाती सत्ता सोपवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे ‘आय ॲम दॅट’ (१९७३) या इंग्रजी पुस्तकातून जगापुढे आणली ती त्यांनीच. वांडा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी यांनी त्यांच्यासोबत पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. १९५९नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा ही दोघे त्यांच्या कामाला लागली. त्या तिबेट्यांची एक वसाहत १९७२पासून आपल्या महाराष्ट्रात, आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. तिथे तीन पिढ्या झाल्या. नोंदणीचे प्रमाणपत्र, त्याचे नूतनीकरण आणि ‘तात्पुरते’ हा शब्द, एवढ्यावर माणूस पन्नास वर्षे जगू शकतो.

७

हे सारे जुने उकरण्याचे कारण आजचे आहे. अमेरिकेने १९९०च्या कायद्यात संकटग्रस्त देशांच्या नागरिकांसाठी तात्पुरत्या संरक्षणाची तरतूद केली. सहा ते अठरा महिन्यांची मुदत, हवी तर वाढवायची. एल साल्वाडोरच्या माणसांसाठी २००१मध्ये दिलेली ती मुदत वीस वर्षांहून अधिक काळ वाढत राहिली. तिथे त्यांना मुले झाली, ती मुले अमेरिकी नागरिक. आईबापांची मुदत मात्र दर खेपेला नव्याने टांगणीला. युरोपीय संघाने २००१मध्ये असाच नियम केला आणि तो प्रथम वापरला मार्च २०२२मध्ये, युक्रेनच्या माणसांसाठी. त्या वेळी पोलंडने आपले दार सताड उघडले. युक्रेनमध्ये शिकणाऱ्या भारतीय मुलांनाही व्हिसाशिवाय आत घेतले. त्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती. जामसाहेबांचे ऋण फेडले, असे तेव्हा आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्याच पोलंडने मार्च २०२५मध्ये बेलारूसच्या सीमेवरून येणाऱ्यांचा आश्रय मागण्याचा हक्क स्थगित केला. म्हणजे एका सीमेवर वळिवडे आणि दुसऱ्या सीमेवर कुंपण. ऋणाच्या भाषेत या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. व्यवस्थेच्या भाषेत बसतात: कोण मित्र, कोणाची हमी, कोण परत जाईल.

आपलेही फार वेगळे नाही. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यात मोठ्या संख्येने अफगाण विद्यार्थी शिकत होते. सरकारने अफगाणांसाठी सहा महिन्यांचा खास ई-व्हिसा काढला आणि काही दिवसांतच देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. पुण्यातल्या खोलीवर राहणारा विद्यार्थी अभ्यासक्रम संपत आला की काय करत असेल, याचा विचार करताना मला १९४६ची वळिवड्याची शाळा दिसते. मुदत संपत आलेली, आणि परतीचे गाव नकाशावर असूनही नसलेले.

म्हणून मला वाटते, वळिवड्याची गोष्ट सांगताना ‘आश्रय’ हा शब्द आपण काही दिवस बाजूला ठेवावा आणि पाचगणीच्या ‘हवापालटा’कडून थोडे शिकावे. हवापालटात उपकाराची भाषा नसते. मुक्काम किती, खर्च कोणाचा आणि प्रकृती सुधारली नाही तर पुढे काय, हे तीन प्रश्न आधीच बोलले जातात. वळिवड्यात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होती, म्हणून पाच हजार माणसे पाच वर्षे मानाने जगली. तिसऱ्याचे नव्हते, म्हणून शेवटची तीन वर्षे टांगणीची गेली. या विषयावर पुढे जो कोणी मराठीत लिहील, त्याने मुलांच्या आगमनाचे प्रकरण खुशाल लहान ठेवावे आणि १९४५नंतरचे मोठे करावे. व्याख्यानांत मी ते जुने वाक्य आता म्हणत नाही. त्याऐवजी दोन वर्षांच्या छत्रपतींपासून सुरुवात करतो आणि दत्तकविधानाच्या त्या कागदाशी थांबतो. टाळ्या कमी येतात. प्रश्न मात्र येतात, आणि बहुधा ते गांधीनगरकडून आलेल्या श्रोत्यांचे असतात.